ब वर्गातल्या बाया

मुकादमीणबाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि शेअरच्या कागदांची चळत नोंदणीच्या टेबलावर ठेवली.

"सगळ्यांचे एकदमच घे. आम्ही एकाच खोलीतल्या, सुया निवडणाऱ्या."

टेबलामागची मुलगी कागद चाळू लागली. आत सभागृहात बायका पुढच्या रांगा धरून कधीच्या बसल्या होत्या, एकजात ठेवणीतल्या कपड्यांत. फटाकडी म्हणून जिला सगळ्या हाक मारत, तिने तर भाषण पाठ केलं होतं आणि सकाळपासून दिसेल त्याला ते ऐकवत होती. आज कंपनीची वार्षिक सभा होती, आणि सुयांचा कारखाना बंद करून जागा विकायची, असा ठराव सभेपुढे होता.

पण बायका काही पदर पसरायला आल्या नव्हत्या. कारखाना बंद होणार अशी पहिली कुणकुण लागली, तेव्हाच बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना झापलं होतं, "रडून कुणाचं भलं झालंय? कंपनी बाजारात विकायला आहे ना? मग आपणच मालक होऊ." तेव्हापासून दर पगाराला पोटाला चिमटा काढून त्या शेअर घेत आल्या. दलालाने दोन प्रकार दाखवले होते, अ वर्ग आणि ब वर्ग. कंपनी तीच, नाव तेच. ब थोडा स्वस्त, वर लाभांश चिमूटभर जास्त. बाकी फरक किरकोळ, असं तो म्हणाला. बाईंनी दोन बोटांत फिरवूनच सुईचा बाक ओळखावा असा त्यांचा हात, पण तिथे मात्र त्यांच्यातली घासाघीस करणारी बाई जागी झाली. एकाच म्हशीचं दूध, मग महागाच्या भांड्यातलं कशाला घ्या? सगळ्यांना त्यांनी ब च घ्यायला लावले.

"मावशी, हे सगळे ब वर्गाचे आहेत," मुलगी म्हणाली.

"हो तर! आणि पुष्कळ आहेत, नाही?"

"खूपच आहेत." मुलगी जराशी घुटमळली. "पण ब वर्गाला मत नसतं. तुम्हाला सभेला बसता येतं, बोलता येतं, लाभांश मिळतो. ठरावावर मत फक्त अ वर्गवाल्यांना."

"एवढ्या सगळ्यांचं मिळून तरी एखादं?"

"कितीही मिळून नाही, मावशी."

"मग अ आहेत कुणाकडे?"

"बहुतेक सगळे मालकांच्या घरातच."

टेबलाची कड धरून बाई म्हणाल्या, "बदलून दे. वरचा फरक भरते मी."

मुलीने नकारार्थी मान हलवली. मताच्या हिरव्या कार्डांचा गठ्ठा बाजूला सारून तिने पांढरी कार्डं मोजून बाईंच्या हातात दिली.

आत जाऊन सरळ सांगून टाकायचं, असं ठरवूनच बाई दारातून शिरल्या. पण त्यांना बघताच सगळ्या रांगेचे चेहरे उजळले.

"बाई, आज मालकाची चांगली जिरवायची!" फटाकडी ओरडली.

बाईंनी नुसती कार्डं वाटली.

"आपली पांढरी का हो?"

"वर्ग वेगळा, म्हणून रंग वेगळा," बाई म्हणाल्या. एवढं तरी खरं होतं.

फटाकडी बोलली मात्र झकास. मालकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग ठराव वाचला गेला, बाजूने असलेल्यांची कार्डं मोजली गेली आणि विरोधकांनी कार्डं वर करावीत असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. बायकांचे हात ताडकन वर गेले. मोजायला तीच नोंदणीवरची मुलगी आली होती. ती पुढच्या रांगेशी आली, थबकली. तिने बाईंकडे पाहिलं. मग एकेका पांढऱ्या कार्डावर पेन रोखत, ओठांत पुटपुटत ती रांगेतून सावकाश पुढे सरकली. बाईंनीही आपलं कार्ड वर केलं.

ठराव मंजूर झाला.

"किती मतांनी गेलं हो, बाई?" फटाकडीने विचारलं.

"थोडक्यात," बाई म्हणाल्या. तोंडून निसटूनच गेलं ते.

"थोडक्यात! म्हणजे मेल्यांना घाम फोडला की आपण!"

नोकरी तर गेली होती, पण बायका बाहेर पडल्या त्या ताठ मानेने. एक चष्मेवाली तेवढी मागे राहिली. बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने जन्मभर सुयांची नेढी तपासली होती. भिंगं वर्षागणिक जाड होत गेली होती. आता ती बाहेरच्या पायरीवर मटकन बसली.

"माझ्यामुळे गेलं गं," ती म्हणाली.

"काय बोलतेस?"

"नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा मी शेअर घेणं थांबवलं होतं, आठवतं ना? औषधाला म्हणून पैसे राखले. तो तर राहिला नाहीच. आणि थोडक्यासाठी आज या सगळ्या पोरींच्या चुली विझल्या."

बाई तिच्या शेजारी बसल्या. तिचे हात हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. दलाल, स्वस्तातला ब वर्ग, टेबलावरची मुलगी. आपल्यापैकी एकीचंही मत नव्हतं, सगळी चूक माझी एकटीची, असं दोनदा सांगितलं.

चष्मेवालीने ऐकून घेतलं. मग ती बाईंच्या हातावर थोपटत राहिली.

"तू पहिल्यापासून अशीच. दुसरीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेणारी."

"अगं, देवाशपथ खरं सांगतेय."

"मी बघितलं ना त्या पोरीला. एकेक मोजत होती. माझ्या कार्डाशी तर जास्तच थांबली." तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. "मत नसतं तर मोजलं असतं का? उगाच माझी समजूत काढू नकोस."

खाली बायका दोघींसाठी थांबल्या होत्या. चष्मेवाली उठली, पायऱ्या उतरली आणि त्यांच्याकडे न बघता रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने एकटीच चालू लागली.