दुपारचं मुरुड

अब्दुस्समदने कुंपणाच्या मेंदीची कोवळी डहाळी मोडली, पानं ओरबाडून गालात कोंबली आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकली. ओटीवर सुपारी सोलत बसलेली नूरबानू नवऱ्याकडे बघत राहिली.

"शेरडासारखं काय चघळता?"

"एडनला दुपारी कात चावायचो."

"पानातला?"

"न्हाय गं, पाला असतो. डोंगरातून रोज ताजा येतो. नमाज झाली की सगळे गालात धरून बसायचे. डोकं लख्ख, जीभ सैल. मग मी सांगत सुटायचो."

"काय?"

"मुरुडचं."

एडनच्या बंदरात बोटींवर कोळसा चढवण्यात त्याची उमेदीची वर्षं सरली होती. परत येऊन एक पावसाळा उलटला, तरी तो पाहुण्यासारखाच वावरे. बाजारात माणसं सलाम करून पुढे जात, कुणी थांबत नसे. नूरबानूलाही एकटीने जेवायची सवय झालेली. त्याला वाढून झालं की ती आत जाई.

"पाल्याच्या अमलात मुरुड असं उभं राहायचं की हात लावावा," तो म्हणाला. "बंदर, माडांची सळसळ, घराघरातली माणसं. आता रोज बंदरावर जाऊन बसतो. ते मुरुड काय दिसत न्हाय. या गावापेक्षा पाला बरा म्हणायचा."

तिने हातातली सुपारी खाली ठेवली. विचारू की नको, असं तिला झालं.

"आणि मी? मी दिसायची?"

"तू तर रोज!" त्याचा चेहरा उजळला. "परसातल्या विहिरीवर पाणी भरतेस. हिरवी ओढणी. मी मागून हाक मारली की दचकतेस, कळशी सांडते, आणि मग हसतेस."

 नूरबानू या घरात आली तेव्हा ती विहीर खारी होऊन बुजलेली होती. ते पाणी भरलं होतं रेहानाने, तापात गेलेल्या त्याच्या पहिल्या बायकोने. नूरबानूचा निकाह लागला आणि महिन्याभरात तो बोटीवर चढला होता.

त्याला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण परत आल्यापासून तो इतकं कधी बोललाच नव्हता. तिने सुपारीची पाटी बाजूला सारली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मग?" ती म्हणाली. "हसून काय म्हणायची ती?"

अब्दुस्समदला त्यात काही खटकलं नाही. मांडी नीट घालून तो सांगू लागला.