धोंडीचा घास

"पण साहेब, या वहीप्रमाणं तुमी वारलाय की!"

ग्रामसेवक जगदीश हसत म्हणाला खरा, पण नोंदीवरचं बोट त्याने उचललं नाही. ज्ञानेश्वर विशेने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. जन्माच्या पानावर, १९५८ साली: काशिनाथ विशे, मुलगा. नाव नाही, कारण तेव्हा बारशाच्या आधीच नोंद होऊन जाई. मृत्यूच्या पानावर, १९६० साली: काशिनाथ विशे यांचा मुलगा, ताप. वयाच्या रकान्यात नुसतं 'लहान'. पुढची दहा वर्षं जगदीशने पालथी घातली, पण काशिनाथला दुसरा मुलगा झाल्याची नोंद काही सापडली नाही. एक जन्मला, एक मेला. सरकारच्या लेखी काशिनाथचा वंश तिथेच बुडाला होता.

"माझ्याआधी एक व्हता, तो गेला," ज्ञानेश्वर म्हणाला. "माझी नोंद ऱ्हायली असंल."

"मग सोपं हाय. आईला घेऊन मुरबाडला तहसीलात जा. दोन झाले, अमका गेला आणि तमका हा, असं प्रतिज्ञापत्र करा. व्हिसावाल्यांना तेवढं बास."

ज्ञानेश्वर मुरबाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. अठरा वर्षं काचेच्या नळ्या धुण्यात गेली. पण सुट्टी आली की हा गडी बांधाबांधाने हिंडे आणि जुन्या भातांच्या लोंब्या गोळा करी. कोळंबा, झिणी, महाडी, अशी लोक विसरत चाललेली सदतीस वाणं त्याने बरण्यांत भरून ठेवली होती. त्यांच्यावर कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंनी निबंध लिहिला, त्याचं नाव आपल्या नावाच्या आधी घातलं, आणि मनिलाच्या परिषदेने तो स्वीकारला. नेमकं तेव्हाच बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "तुमचंच काम आहे, तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. पासपोर्ट झाला, तिकीट परिषदेकडून आलं. वकिलातीने मात्र कागद परत पाठवले: जन्माची मूळ नोंद जोडा, नाहीतर आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. मुदत पंधरा दिवसांची. चाळिशीच्या माणसाला शोभणार नाही इतकं त्याला जायचं होतं.

घरी आई, गोजर, ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हा विचारायचं ते हिलाच.

"आये, माझ्याआधीच्याचं नाव काय व्हतं गो?"

गोजरचा हात थांबला.

"ज्ञानेश्वर," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तू धोंडी."

घरात आणि गावात सगळे त्याला धोंडीच म्हणत. आधीचं मूल गेलं की पुढच्याला दगडधोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे नजर लागत नाही. त्यात नवल काहीच नव्हतं.

"त्याचं पोलीस पाटलाच्या वहीत लिवलं व्हतं," गोजर सांगू लागली. "मना वाटलं, वहीत नाव गेलं का वरच्याला ठिकाना कळतो. म्हनून तुझं लिवलंच नाय. मंग शाळेत गुरुजी कागद मागाया लागले. माझ्याकडं त्याची देवी टोचल्याची चिठ्ठी व्हती. तीच दिली."

म्हणून तर तो वर्गात सगळ्यांत बुटका आणि कागदावर सगळ्यांत थोरला. अर्ध्या गावाचा वाढदिवस गुरुजींनी एक जूनला करून टाकला होता. आपली तारीखही अशीच कुठली तरी असेल, असं ज्ञानेश्वर धरून चालला होता.

मग त्याला शाळेचा कूड आठवला. हजेरीच्या वेळेला आई रोज कुडाबाहेर येऊन उभी राही. गुरुजी "ज्ञानेश्वर काशिनाथ" असं पुकारत, तो "हजर" म्हणे, आणि ती आल्या पावली परत जाई. पोरं चिडवत, पण त्याची छाती फुगायची, की आई आपल्याला बघायला येते. ती ऐकायला येत होती. तापाने गेलेल्या दोन वर्षांच्या पोराचा त्याला हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

"तहसीलात सांगावं लागंल तुला, कोन गेला त्ये."

"मी नाय सांगनार. अडतीस वर्षं नाय बोलले, तो मेला म्हून."

"मंग ऱ्हाऊ दे. मी नाय जात," तो फटकन बोलला आणि उठून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोजर धुतलेलं लुगडं नेसून ओटीवर येऊन बसली. "चल. यष्टीचा टाइम झाला."

"जे झालं तेच सांग," यष्टीत त्याने तिला सांगितलं. ज्ञानेश्वर मेला असं तिने सांगितलं, तर व्हिसा सोडाच, शाळेचा दाखला आणि नोकरीसुद्धा दुसऱ्याच कुणाची ठरणार होती.

तहसीलातल्या कारकुनाने कागद ओढला.

"आजी, मुलगे किती झाले?"

"दोन."

"हयात कोण?"

गोजरने मुलाकडे पाहिलं. पाहुणा दारात आला की ओळख पटेपर्यंत पाहावं, तसं पाहिलं.

"ह्यो. ज्ञानेश्वर."

"आणि मयत?"

तिने पदर तोंडावर धरला, मग खाली घेतला.

"धोंडी."

"कशाने गेला?"

"तापानं. माझ्या मांडीवर."

कारकुनाने लिहून घेतलं, तिचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. 'थांबा' म्हणायला ज्ञानेश्वरला तेवढा वेळ होता. तो बोलला नाही. त्याला मनिलाला जायचं होतं.

संध्याकाळी गावाजवळ, वैशाखऱ्याच्या फाट्यावर दोघं उतरली. पाऊस भुरभुरत होता. "ज्ञानेश्वर, छत्री उघड," आई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला या नावाने हाक मारली होती. चार दिवसांत विसरेल, असं त्याला वाटलं. पण ती विसरली नाही. जेवायला वाढताना ज्ञानेश्वर, गोठ्यातून हाक मारताना ज्ञानेश्वर. मोठ्या मायेने मारलेली हाक असे ती, आणि दर वेळी त्याला वाटे, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे.

व्हिसा आला तो सर्वपित्रीच्या दिवशी. पोस्टमनकडून पाकीट घेतलं, पासपोर्ट उघडून पानभर चिकटवलेला कागद पाहिला, त्यावरचं नाव दोनदा वाचलं, आणि तो आईला दाखवायला मागीलदारी धावला.

गोजर पडवीच्या कौलांवर पानं ठेवत होती. मोठं पान वडिलांचं. त्याच्या शेजारी आज एक लहान पान होतं. त्यावर तांदळाच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा, गूळ लावलेला. पोरपणापासून हा पापुद्रा त्याच्या स्वतःसाठी बाजूला निघत असे. दुसऱ्या कुणाला घरात तो आवडत नव्हता.

कावळा शेवग्यावर बसून होता, उतरत नव्हता. गोजरने मान वर केली. पोर लांब खाचरात खेळत असलं की मारायची, तशी लांबवर हाक मारली.

"धोंडीऽऽ! ये रे, घास घे!"

पासपोर्ट हातात धरून तो तिच्या मागे उभा होता. तोंडाशी आलेलं 'ओ' त्याने गिळलं. मग कावळा खाली उतरला.