तलावाकाठचा मुक्काम

विक्कीने जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली तेव्हा आरमोरीच्या लोकांना वाटलं, पोरगा लग्नाच्या वराती वाहणार. पण त्याने आतल्या सीट काढून टाकल्या. मागे दोन पलंग बसवले, एका बाजूला गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी, आणि दाराबाहेर ओढून सावली करता येईल असं ताडपत्रीचं छप्पर. गाडीत घर. "बाबा, नागपूर-पुण्याचे लोक अशा गाड्या घेऊन फिरून राह्यले," तो मुखरूला सांगायचा. "आपन आधी घरचे फिरू, मग भाड्यानं देऊ."

घरचे फिरायचे राहूनच गेले. त्या पावसाळ्यात विक्कीला ताप आला, ताप डोक्यात गेला, आणि गडचिरोलीच्या दवाखान्यातून घरी आला तो त्याचा देहच. रीता, त्याची बायको, उपकेंद्रात नर्स होती. गावोगाव जाऊन मलेरियासाठी लोकांचं रक्त तपासणारी बाई. तिला कोणी काही बोललं नाही, आणि तीही फार दिवस कोणाशी बोलली नाही.

पुढे तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तो सासूनेच. चंदाबाईने एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हटलं, "रीता, तुहं वय काय हाय? मी आनखी किती दिवस पुरनार तुले?" रीता उठून आत गेली. पण चंदाने विषय सोडला नाही. मुखरूने ओळखीतून स्थळ पाहिलं. मूल गावचा अजय, शाळेत शिक्षक, बायको बाळंतपणात गेलेली. शांत माणूस. रीताच्या लहान मुलीला, दिव्यानीला, आपल्या घरी नेईन, असं त्याने स्वतःहून सांगितलं. माघातली तारीख ठरली.

तेव्हा रीताने सासऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मामाजी, जायच्या आधी त्यायच्या गाडीत एक डाव फिरून येऊ. आपन सारे. दिव्यानीले त्यायनं कबूल केलं होतं."

मुखरूने आयुष्यभर एसटी चालवली होती, पण फिरायला म्हणून तो कधी कुठे गेला नव्हता. मुक्काम म्हणजे त्याला माहीत होता तो डेपोतल्या विश्रामगृहाचा. गाडीत घर घेऊन जायचं तर ती उभी कुठे करायची, हेच पहिल्यांदा ठरवावं लागलं. रीता फोन लावत बसली.

वाघाच्या जंगलाच्या गेटाजवळ एक मोठं रिसॉर्ट होतं. पोहायचा तलाव, मुलांना झोके. दिव्यानी फोटो पाहून नाचली. पण तिथला माणूस म्हणाला, गाडी भिंतीबाहेर पार्किंगमध्ये लावा, आणि बाहेर स्वयंपाक चालणार नाही.

"मंग घर घेऊन कायले जायचं?" मुखरू म्हणाला.

चंदाला मार्कंड्याला जायचं होतं. नदीकाठी मोकळी जागा, देवाचं दर्शन. रीताने मान खाली घातली. विक्कीच्या अस्थी तिथेच वैनगंगेत सोडल्या होत्या. "आई, तिथं मले झोप नाई येनार," ती म्हणाली. चंदाने पुन्हा ते नाव काढलं नाही.

मग उपकेंद्रातल्या एका बाईने तिसरी जागा सांगितली. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावाने तलावाकाठी मैदान तयार केलं होतं. गाड्यांसाठी जागा, तंबूसाठी ओटे, विजेचा प्लग, नळ, संडास, आणि चहूबाजूंनी तारेचं कुंपण. गावचा जंगू नावाचा माणूस सगळं पाहायचा. रीताने फोन लावला आणि आवाज मोठा करून सासूसमोर धरला.

"जय सेवा," जंगू म्हणाला. "या ना. चूल पेटवा, सैपाक करा. फक्त दिवस बुडाला की कुंपनाबाहेर कोनी नाई जायचं. अन् उष्टं-खरकटं बाहेर नाई टाकायचं, अस्वल येते. किती मानसं हाय?"

"पाच," चंदा पटकन म्हणाली.

रीताने फोन स्वतःकडे ओढला. मग रीता हळूच म्हणाली, "चार. तीन मोठे, एक लहान पोरगी."

धान मळून झाले तेव्हा ते निघाले. मुखरूने गाडी एसटीसारखीच चालवली, खड्ड्याआधी सावकाश, वळणावर हॉर्न. दिव्यानी मागच्या पलंगावर लोळत प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. मैदानावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मोहाची मोठी झाडं, पलीकडे तलाव, पाण्यावर काळी बदकं. जंगूने गाडी कुठे लावायची ते दाखवलं, नळ सोडून दाखवला. दिव्यानीला म्हणाला, "पान्याकडे एकटी जायचं नाई हं, बाई."

शेजारी नागपूरची एक गाडी होती, यांच्यापेक्षा दुप्पट मोठी. तिची मालकीण मोनाली लगेच बोलायला आली. तिची दोन मुलं आणि दिव्यानी झाडांमध्ये पळू लागली. चंदाने तीन दगडांची चूल मांडली, कणीक मळली, आणि पळसाच्या पानांत पानगे थापायला बसली. मोनाली कौतुकाने शेजारी टेकली.

"सुंदर बनवलीय हो गाडी. कोणी बनवली?"

"पोरानं," चंदा म्हणाली.

"तो नाही आला?"

"नाई आला."

मोनालीने नळाकडे पाहिलं. रीता तिथे बादली भरत होती. "आणि ही सून का तुमची?"

चंदाचे हात थांबले. मग पानगा निखाऱ्यावर ठेवत ती म्हणाली, "पोरगी हाय माही. माघात लगन हाय तिचं."

मोनालीने पळणाऱ्या दिव्यानीकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि चंदाच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. "छान," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने उठून गेली.

रीता बादली घेऊन मागेच उभी होती. तिने बादली खाली ठेवली आणि चुलीपाशी बसली. धूर तिच्याच अंगावर येत होता, तरी ती सरकली नाही.

"आई, मी नाई जात," ती म्हणाली. "अजयरावले मी सोता सांगतो. ते समजून घेतील."

"काऊन?"

"तुमी दोघंच राहान. मले नाई पाहावत."

चंदाने चिमट्याने पानगा उलटला. "ऐक," ती म्हणाली. "विक्की गेला तवा मले कोनी इचारलं नाई. तुले धाडाचं मीनं सोता ठरवलं. रोज थोडं थोडं मन बांधून राह्यली मी. सकाळी तुही वेनी पाहतो अन् मनाले सांगतो, ही जानार. पोरगी खेळते, तवा सांगतो, ही बी जानार. आता तू मोडशील, तर आनखी एखांद्या वर्सानं मले पुन्यांदा बांधा लागन. तेवढी ताकत नाई राह्यली, माय."

रीता रडू लागली. चंदा रडली नाही. तिने पदराने रीताचं तोंड पुसलं, राख लागली होती ती पुसली, आणि म्हणाली, "जा, पोरीले बोलाव. दिवस बुडून राह्यला."

मुखरू गाडीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होता. त्या संध्याकाळी तो पानगे पोटभर खाऊ शकला नाही. चंदाने आग्रह केला नाही.

सकाळी थंडी कडक होती. तलावावर धुकं होतं. दिव्यानीला आपल्या शालीत घेऊन मुखरू कुंपणाच्या कडेने हिंडत होता. पलीकडे चितळांचा कळप पाणी पिऊन परतत होता. जंगूने बोट दाखवून पिल्लू दाखवलं.

"आबाजी, मूलला गेल्यावर पन आपन असंच येऊ ना?" दिव्यानीने विचारलं.

"तू येशील ना. आईसंग, अजयबाबासंग."

"अन् तुमी?"

मुखरूने चितळांकडे पाहिलं. "आमी बी येऊ कधी."

"मंग गाडी कोन चालवन?"

"अजयबाबा."

"त्यायले येते?"

"नाई येत," मुखरू म्हणाला. "मी शिकवीन."

विक्कीने गाडी पोरीसाठी बनवली होती, तेव्हा ती पोरीसोबतच जायची, हे त्याने त्या क्षणी ठरवलं. चंदाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माह्या मनातलंच बोलले."

लग्न मूलच्या मंदिरात झालं, मोजक्या माणसांत. रीताचे वडील हयात नव्हते. कन्यादानाला मुखरू आणि चंदाच बसले. त्यानंतर कित्येक रविवार मुखरू सकाळच्या एसटीने मूलला जायचा. गावाबाहेरच्या मैदानात अजय स्टिअरिंगवर बसायचा आणि मुखरू शेजारी. अजय सज्जन होता, पण गाडीचा हात नव्हता त्याला. गिअर टाकताना कर्रकन आवाज व्हायचा आणि मुखरूचा पाय नसलेल्या क्लचवर दाबला जायचा. एकदा न राहवून त्याने गिअरच्या दांड्यावरच्या अजयच्या हातावर आपला हात ठेवला आणि गिअर बसवून दाखवला. हात काढायला त्याला थोडा उशीर झाला. अजय समोर पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, हळूहळू येईल मला. तुम्ही येत राहा."

"येतो ना," मुखरू म्हणाला.

पण अजयला गाडी यायला लागली, आणि रविवारचं जाणं कमी होत गेलं. दिव्यानी फोनवर आधी रोज बोलायची, मग आठवड्याने. एकदा बोलता बोलता तिने मागे वळून अजयला "बाबा, थांबा ना!" अशी हाक मारली. चंदाने ती ऐकली आणि फोन मुखरूच्या हातात दिला.

वैशाखात शाळेला सुट्या लागल्यावर रीताचा फोन आला. "मामाजी, गाडी घेऊन फिराले चाललो. कोनती जागा निवडावी समजून नाई राह्यली. दिव्यानी म्हनते, आबाजी अन् आजी पायजेत. तुमी दोघं या. आमी आरमोरीहूनच घेऊन जातो."

मुखरूचा चेहरा उजळला. त्याने फोनवर हात ठेवून चंदाकडे पाहिलं. चंदाने नकारार्थी मान हलवली.

"त्यायले त्यायचं पाहू द्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आपन गेलो तर अजय सोताच्याच घरात पाहुना होईन."

मुखरूने फोनवरचा हात काढला. मग म्हणाला, "तुमी जा, पोरी. एखांदी नवीन जागा पाहा, सावलीची, पोरीले पान्यात खेळता येईल अशी. आमचं नाई जमत. बांधीत काम हाय."

वैशाखात कोरड्या पडलेल्या धानाच्या बांधीत कोणतं काम असतं, हे रीतालाही ठाऊक होतं. तिने विचारलं नाही.

"बरं, मामाजी," ती म्हणाली.