साहेब स्वतःच्याच दारावर टकटक करतात

मजुरांना किमान वेतन मिळतं की नाही हे तपासणाऱ्या कचेरीत झाडूपोछा करणाऱ्या मावशींनाच किमान वेतन मिळत नव्हतं. आहे की नाही कमाल! भिंतीवरचा दरांचा तक्ता त्या रोज पुसायच्या. त्यातला सफाई कामगाराचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, आणि हातात पडायचं ते त्याहून कितीतरी कमी.

हेडक्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, "अहो मावशी, तो कायदा दुकानदारांना, कारखानदारांना. सरकारला कोण कायदा लावणार?"

मावशींना ते काही पटलं नाही. शेजारच्या शिक्षिकेकडून त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि थेट मुख्य कार्यालयाला धाडला. धाडला खरा, पण जोखीम मोठी होती. नोकरी तोंडी, हातात कागद नाही, नवरा पाय मोडून घरी बसलेला. सासूबाईंनी तर कपाळालाच हात लावला. "झालं! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास."

मुख्य कार्यालयाने तक्रार कोणाविरुद्ध आहे ते वाचलंच नाही. नुसता विभाग बघून शेरा मारला, 'संबंधित निरीक्षकाने जागेवर जाऊन तपासणी करावी.' अर्ज फिरून त्याच कचेरीत आला.

निरीक्षक नियमाला पक्के. तपासणीला निघायचं तर बाहेर पडल्याची वेळ वहीत लिहावी लागते. त्यांनी ती लिहिली, बॅग काखोटीला मारली, जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि आपल्याच कचेरीच्या दारावर टकटक केली. हेडक्लार्कची हसून हसून पुरेवाट झाली. मावशींना कुठलं हसू? त्या फडकं घेऊन भिंतीवरचा तक्ताच पुन्हा पुसू लागल्या.

"काय काम करता?" निरीक्षकांनी फॉर्म उघडला.

"साहेब, आत्ताच तर तुमचं टेबल पुसलं!"

"लिहावं लागतं, मावशी. बरं, मालक कोण?"

मावशींनी मोठ्या साहेबांच्या केबिनकडे हळूच बघितलं. निरीक्षकांनी मग स्वतःच 'सरकार' असं लिहिलं आणि फॉर्म साहेबांपुढे नेऊन ठेवला. "साहेब, कायद्यात मालक म्हणजे सरकारसुद्धा. कमी दिलेलं भरून द्यावं लागेल. आणि तक्रार केली म्हणून यांना काढता येणार नाही."

साहेब वाचत राहिले. मावशींचा जीव टांगणीला लागला. शेवटी साहेबांनी चष्मा काढला.

"सुटलो बाबा एकदाचा! दोन वर्षं वर लिहितोय, यांचा पगार वाढवा म्हणून. दरवेळी विचारतात, कशाच्या आधारावर? हा घ्या आधार." त्यांनी सही ठोकली.

"मला आधी बोलला नाहीत, साहेब?"

"या कचेरीत बसून काय बोलणार, मावशी? लाज वाटायची."

मावशी जिन्यात जाऊन बसल्या. छातीवरचा दगड असा उतरला की रडूच फुटलं. डोळे पुसून त्यांनी घरी फोन लावला.

"गेलं ना काम?" सासूबाईंनी धसकूनच विचारलं.

"नाही हो आई. पगार वाढला! मागचंही मिळणार. उद्या नेहमीसारखं यायचंय कामावर."





"अगंबाई! मीही जन्मभर सरकारी दवाखान्याच्या फरश्या पुसल्या. विचारता येतं, हेच आम्हाला कुणी सांगितलं नाही. बरं केलंस, विचारलंस."