भोक मागेच आहे म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. अ‍ॅल्युमिनियमची, चार माणसं बसतील एवढी. एका कारखान्यात पत्रे कापून, वाकवून, शेकडो रिव्हेट ठोकून मला जोडलं. तिथले कारागीर कमी बोलत आणि नेमकं ठोकत. पुढे माझ्या नशिबी जो मालक आला, तो अगदी उलटा निघाला.

मालकाची बायको तळ्यापलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे. अकरा वर्षं ती मला वल्हवत कामावर जाते. घरी परतली की मला पुसते, पालथी घालते. मालक मात्र सुटीच्या दिवशी मित्रांना घेऊन येई आणि मला सरळ दगडांवर चढवी. वर म्हणे, "काय दणकट होडी आहे आपली!" असल्या कौतुकाने माझे रिव्हेट ढिले झाले.

यंदा माझ्यात पाणी येऊ लागलं. ते उताराला, म्हणजे मागच्या बाजूला साचे. झालं, मालकाने निदान केलं की भोक मागेच आहे! तिथे त्याने डांबरासारखा काळा लेप थापला. पाणी आलं. आणखी थापला. पुन्हा पाणी आलं. लेपाचे चार डबे संपले, पण याला अक्कल काही आली नाही.

शेवटी हात झटकत तो बायकोला म्हणाला, "ही होडी गेली कामातून. भंगारात देऊन टाकू. आणि तूही नोकरी सोड आता. तळ्याला वळसा घालून रस्त्याने दोन तास जाणं तुला जमायचं नाही."

ऐकलंत? याला भोक सापडेना, म्हणून तिने घरी बसायचं! मला त्या माणसाची किळस आली.

शेजारणीला हाताशी घेऊन तिने मला अंगणात ठोकळ्यांवर ठेवलं, बाहेरून कोरडं पुसलं आणि आत बादलीने पाणी ओतू लागली.

"अगं, होडीत पाणी भरतेस? डोकं फिरलं का तुझं?" मालक ओरडला.

"अहो, पाणी ज्या वाटेने आत येतं, त्याच वाटेने बाहेर पडेल. जरा वाकून बघा."

पुढच्या बाकाखाली तीन रिव्हेटांतून पाणी ठिबकत होतं. पुढच्या! तिने खडूने गोल केले आणि पाणी काढून टाकलं.

"हा जड हातोडा खालून दाबून धरा. मी आतून रिव्हेट ठोकून घट्ट करते. आणि हलू नका."

तो चिखलात उताणा पडून हातोडा धरून राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या उपयोगी पडला. पुन्हा पाणी भरून पाहिलं, तर एक थेंबही गळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली. काठावर तो शेजाऱ्याला सांगत होता, "गळती कुठे आहे, ते मी बघताक्षणीच ओळखलं होतं." लाज कशी ती नाहीच!

तिने वल्ही उचलली. "अहो, मागचा तो काळा लेप संध्याकाळी खरवडायचाय. तुम्ही थापलात, तुम्हीच काढा."

शेजारी खो खो हसला. आम्ही दोघी दवाखान्याकडे निघालो.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, गळती सापडली नाही, तर सरळ सापडली नाही म्हणा. त्यापायी दुसऱ्याला घरी बसवू नका.