आंघोळ करून मग ठरवा

मी एक बादली बोलतेय. निळी, प्लास्टिकची, कडी जराशी वाकलेली. बंगळुरात येलहंक्याच्या नव्या वस्तीत मुलींचं एक पीजी आहे, म्हणजे महिन्याचे पैसे भरून राहायचं आणि जेवायचं ठिकाण. चार मजली, बाहेरून गुलाबी रंगाचं. तिथे मी असते. बादलीचं कोण ऐकतं, हे मला माहीत आहे. पण तुमची लेक उद्या शिकायला परगावी जाणार असेल, तर दोन घटका बसा. ऐकताना किळस येईल, त्याला माझा इलाज नाही. मी जिथे दिवस काढले, तिथलंच सांगणार.

माझा जन्म होसकोट्याच्या एका कारखान्यात झाला. साचा उघडला आणि मी गरमगरमच बाहेर पडले. मग येलहंका जुन्या गावातल्या एका दुकानाबाहेर दोरीला लटकत राहिले. शेजारी प्लास्टिकचे मग, सुपल्या, केरसुण्या. तेव्हा माझ्या अंगाला कोऱ्या प्लास्टिकचा वास होता. इतका चांगला वास पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

वसुमती नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. ती नर्सिंग शिकत होती आणि ह्याच पीजीत राहायची. आंघोळ झाली की मला आतून हात फिरवून धुवायची आणि पालथी घालायची. बादली पालथी घालणारं माणूस मला फार आवडतं. शिक्षण संपल्यावर ती सामान बांधून निघाली, तेव्हा मला उचललं, जरा विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. ओझं कुठे नेऊ?" तिचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्रिविक्रमच्या हाती सापडले.

त्रिविक्रम म्हणजे इथला मॅनेजर. त्याचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं. त्यामुळे पुणे, सांगली, नागपूरकडचे पालक आले की मालक त्यालाच पुढे करतात. तोही हात जोडून "या अक्का, आपलीच माणसं" म्हणतो. परक्या गावात मराठी ऐकलं की पालकांचा निम्मा जीव भांड्यात पडतो. उरलेला निम्मा तो खोली दाखवून पाडतो.

त्याने मला कशाकशाला वापरलं ते विचारू नका. फरशी पुसायचं काळं पाणी माझ्यात. तुंबलेल्या मोरीतून उपसलेले केसांचे बुचके, शाम्पूच्या पुड्या, कुजलेला बोळा माझ्यात. संडास धुवायलाही मीच. एकदा सकाळी संडास धुतला आणि त्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं गळायला लागलं, तर ह्याने मला नळाखाली नुसतं विसळलं आणि माझ्यातून सांबार तिसऱ्या मजल्यावर नेलं. मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. एक म्हणाली, "आज सांबाराला वेगळाच वास येतोय." दुसरी म्हणाली, "रोजच येतो." मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते. मला स्वतःचीच शिसारी आली.

पाण्याचं तर बोलूच नका. टँकरचं खारं पाणी. माझ्या आतल्या बाजूला त्याचे पांढरे थर चढले, त्यावर हिरवट बुळबुळीत साय धरली. पण पालकांना ह्यातलं काही दिसायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरचं एक न्हाणीघर त्रिविक्रम चकचकीत ठेवायचा आणि त्या नळापुरतं थोडं पाणी राखून ठेवायचा. पालक यायचे. गादीवर हात दाबून बघायचे, कपाट उघडून बंद करायचे, वायफाय आहे का विचारायचे. गिझरचा लाल दिवा लागला की मान डोलवायचे. नळ फिरवायचे, धार आली की लगेच बंद करायचे. पाणी वाया घालवू नये, ही त्यांची चांगली सवय. तीच त्रिविक्रमच्या उपयोगी पडायची.

मग एका सकाळी प्रमोदिनीबाई आल्या.

सांगलीहून रात्रभर बसने प्रवास करून, लेक शाल्मलीला घेऊन. पोरीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि राहायचं कुठे, हे त्या दिवशीच ठरवून परत जायचं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या कोपऱ्यात फडक्याशेजारी पडले होते, त्यामुळे सगळं कानावर आलं.

शाल्मलीला ही जागा आधीच पसंत होती. "आई, कॉलेज बघ, गच्चीवरून दिसतं. चालत जाता येईल."

"अक्का, अॅडव्हान्स आजच देऊन टाका," त्रिविक्रम म्हणाला. "उद्या ही रूम राहणार नाही. तुम्ही आपली माणसं म्हणून धरून ठेवलीय. नळाला कावेरीचं गोडं पाणी, चोवीस तास. गरम इडल्या झाल्यात, बसा, खा, मग बोलू."

"खाते की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण आधी आंघोळ करून घेऊ का इथे?"

त्रिविक्रमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आंघोळ? आता?"

"रात्रभर बसमध्ये होते. आंघोळ केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"आई, आपण रूम बघायला आलोय," शाल्मली दबक्या आवाजात म्हणाली.

"बघितली ना. आता आंघोळ करते. न्हाणीघर कशासाठी असतं मग?"

बाईंना कुणाची परीक्षा घ्यायची नव्हती. त्यांनी पिशवीतून टॉवेल, साबणाची डबी काढली आणि त्या चकचकीत न्हाणीघरात गेल्या. त्या दिवसापर्यंत एकाही पालकाने असं केलं नव्हतं.

नळ सुरू झाला. जरा वेळ धार पडली, मग बारीक झाली, मग नळाने घरघर केली आणि थांबला. बाई दार उघडून बाहेर आल्या. "पाणी गेलं."

"स्वल्प थांबा अक्का. टँकर येतोय."

"मघाशी कावेरीचं म्हणालात."

"कावेरीचंच, अक्का. टँकरमधून येतं."

शाल्मलीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. त्रिविक्रमने इकडेतिकडे बघितलं. हाताशी मीच होते. त्याने मला उचललं, गच्चीवरच्या पिंपात बुचकळलं आणि भरून बाईंपुढे आणून ठेवलं.

प्रमोदिनीबाईंनी आत वाकून बघितलं. पाण्यावर एक केस तरंगत होता. खाली माझी हिरवट साय, पांढरे थर. त्यांनी पदर नाकाला लावला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"ह्यात माणसं आंघोळ करतात?"

त्रिविक्रमने "फोन आला" म्हणून जिना गाठला. फोन वाजल्याचं मी काही ऐकलं नाही.

दुसरी कुणी असती तर तिने मला पायाने बाजूला सारलं असतं. ह्या बाईंनी पाणी ओतून दिलं, साडी वर खोचली आणि माझ्यापुढे बसकण मारली. बसमध्ये पोरीला मळमळायला नको म्हणून त्यांनी जवळ लिंबू ठेवलं होतं. त्या लिंबाने त्या मला घासायला लागल्या. तेवढ्यात रम्या तिथून जात होती. ती बेळगावची, वर्षभर इथेच राहणारी. तिने बघितलं आणि खोलीतून कपडे धुवायची पावडर आणून दिली.

"मावशी, तुम्ही कशाला घासताय ओ?"

"मग कोण घासणार, बाळ?"

बाईंचे हात खरबरीत होते, पण किती दिवसांनी कुणीतरी मला आतून हात लावत होतं. थरांचे पापुद्रे सुटले, साय निघाली, निळा रंग दिसायला लागला. तळाशी एक पिवळा डाग मात्र हटेना.

"तो राहू दे मावशी. तो सांबाराचा आहे."

"बादलीत सांबार?"

"पातेलं गळत होतं म्हणून ह्याच्यातनं आणलं होतं."

शाल्मली हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. रम्या हसली नाही.

"तू इथे कशी राहतेस गं?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"मी पण असंच बघून गेलते. गादी बघितली, गिझरचा दिवा बघितला. अप्पांनी अॅडव्हान्स भरला. आता सोडून जातो म्हटलं तर ते पैसे परत देत नाहीत."

पिंपातलं पाणी गाळून घेऊन बाईंनी आंघोळ केली. साबणाला फेस येईना. अंगावरून गेलेलं पाणी मोरीतून जाईना, ते घोट्यापर्यंत साचलं आणि कुणाचे तरी लांब केस त्यांच्या पायाच्या बोटांना गुंडाळले गेले. त्यांनी ते कागदात धरून सोडवले. बाहेर आल्या, मला पुन्हा भरून मोरीत ठेवलं आणि लेकीला म्हणाल्या, "आता तू जा."

"मी घरी गेल्यावर करेन."

"चार वर्षं घरी जाऊन आंघोळ करणार आहेस का?"

शाल्मली चिडली. "आई, सगळ्याच पीजीत असं असतं. तू फोनवर चौकशी केलीस ते जुन्या गावातलं वसतिगृह तुला आवडलंय ना? एका खोलीत तिघी. संध्याकाळीच फाटक लावतात. रोज बसने जायचं. माझ्या वर्गातल्या सगळ्या इकडे राहणार आहेत. मी एकटीच तिकडे पडू?"

"मी नाही म्हटलंय का? पैसे दोन्हीकडे सारखेच जाणार. बसचा पास धरला तरी बाबांनी सांगितलंय तेवढ्यात बसतं. पैसे मोजकेच आहेत म्हणून तर एकदाच नीट बघायचं. राहायचं तुला आहे. आंघोळ करून ये, मग तू म्हणशील तिथे."

शाल्मली आत आली आणि तिने धाडकन कडी लावली. माझ्यातून एक तांब्या पाणी घेतलं. तेवढ्यात शेजारच्या न्हाणीघरात कुणीतरी पाणी ओतलं आणि ते आमच्या मोरीतून वर आलं. राखाडी फेस, भाताची शितं, केसांचा गोळा, आणि असा वास की सांगायला नको. ती मागे सरकली. मग तिला वाटलं, जोरात पाणी मारलं की जाईल, म्हणून तिने माझ्यातलं सगळं पाणी मोरीत ओतलं. घाण आणखी वर आली. तिच्या पावलांवरून फिरली. तिने मला पालथी घातली आणि माझ्यावर चढून भिंतीला धरून उभी राहिली.

माझ्यावर तिचं सगळं वजन होतं. बाहेर आई आहे, हे माहीत असल्यामुळे ती आवाज न करता रडत होती. त्या रडण्यात घाणीची किळस होती, आणि मैत्रिणींबरोबर कॉलेजात चालत जायचं ते चित्रही त्यात वाहून जात होतं. मी हलले नाही. मला एवढंच करता येत होतं.

थोड्या वेळाने ती उतरली, पाय झटकत बाहेर आली आणि ओढणीने पावलं पुसत म्हणाली, "आई, त्या वसतिगृहाकडे जायला बस कुठून मिळते?"

प्रमोदिनीबाईंनी आपल्या टॉवेलने तिचे पाय पुन्हा पुसले, टाचांपासून बोटांपर्यंत.

खाली त्रिविक्रम इडल्यांची ताटली घेऊन उभा होता. जिन्यातून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"अक्का, अॅडव्हान्स?"

"नको. आणि इडल्याही राहू देत. तुमचं सांबार कशातून येतं ते कळलं मला. आपली माणसं म्हणता आणि त्यांना हे खायला घालता, त्रिविक्रम?"

रम्या कठड्यावरून वाकली. "मावशी, तिकडे अजून एक जागा असेल का?"

"विचारते बाळ. तुझ्या अप्पांना फोन कर. गेलेले पैसे गेले म्हणावं."

तिने फोन केला की नाही, मला माहीत नाही. अजून तरी ती इथेच आहे.

जाण्यापूर्वी प्रमोदिनीबाईंनी मला स्वच्छ विसळून व्हरांड्यात उन्हाला पालथी घातली होती. वसुमतीनंतर पहिल्यांदाच. संध्याकाळपर्यंत मी कोरडी झाले, निळीशार दिसायला लागले. मी खुशीत होते. तेवढ्यात त्रिविक्रम आला. त्याने मला उचलून फिरवून फिरवून बघितलं आणि त्याचे डोळे चमकले.

तेव्हापासून मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या चकचकीत न्हाणीघरात असते. माझ्या तळाच्या डागावर नवा गुलाबी मग ठेवलेला आहे. मुलींनी मला हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. आता माझ्यात कुणी फरशीचं पाणी भरत नाही, सांबार भरत नाही, काहीच भरत नाही. पालक येतात, आत डोकावतात. परवा एक आई नवऱ्याला म्हणाली, "बघा, बादली सुद्धा किती स्वच्छ ठेवलीय." नवऱ्याने तिथेच पाकीट काढलं.

एका भल्या बाईने तळहात सोलून मला घासलं, आणि त्याच चकाकीवर आता तिच्यासारख्या आया फसतात. संडास धुवायच्या दिवसांतही मला स्वतःची एवढी घाण वाटली नव्हती.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. लेकीला घेऊन याल, तेव्हा लाजू नका. प्रवासातून आलोय, आंघोळ करायची आहे, असं म्हणा. समोरचा माणूस कितीही गोड मराठी बोलला तरी म्हणा. आणि त्या न्हाणीघरात निळी, चकचकीत बादली दिसली, तर ती मीच. मला नुसतं बघून जाऊ नका. मला भरून बघा.