पट्टा बांधण्याआधी

रक्तदाबाच्या संशोधनात नियम असा होता की पट्टा बांधण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं. नर्सबाई तो कसोशीने पाळायच्या, तरी आज डॉक्टरांनी त्यांनाच धारेवर धरलं होतं. कारण वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं बीपी इथे दवाखान्यात दर वेळी नॉर्मल यायचं आणि घरी दिलेल्या मशीनवर मात्र गगनाला भिडायचं.

सकाळपासून नर्सबाईंना टेकायला मिळालं नव्हतं. मावशी खुर्चीत बसताच त्यांनी वैतागून विचारलं, "घरी मोजण्याआधी शांत बसता का हो? खरं सांगा."

"घरी?" मावशी हसल्या. "सासूबाईंचं करा, नातवंडं सांभाळा. जरा टेकले की कुणीतरी हाक मारतंच. ही पाच मिनिटं मिळतात म्हणून तर मी इथे येते, बाई."

नर्सबाईंनी पट्टा बाजूला ठेवला, दार लोटलं आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकलं. बघता बघता त्यांचा डोळा लागला.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी दार ठोठावलं, "झालं का मोजून?"

"थांबा जरा," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "बाईंची पाच मिनिटं अजून व्हायची आहेत."